गुळवेल गुणाची, पण कुठली, किती आणि कुणाला?

करोनाच्या पहिल्या वर्षी गुळवेलीला जे दिवस आले, ते तिने पूर्वी पाहिले नव्हते. एरवी कुंपणावर, कडुनिंबावर मुकाट वाढणारी ही वेल लोक शोधून शोधून तोडू लागले. कुणी रोज अनशापोटी काढा घेतला, कुणी घनवटी, कुणी सत्त्व. सगळ्यांचा हेतू एकच, प्रतिकारशक्ती वाढावी. त्याच वर्षी सप्टेंबर ते डिसेंबर या चार महिन्यांत मुंबईतल्या यकृततज्ज्ञांकडे यकृताला इजा झालेले सहा रुग्ण आले. नेहमीची कारणं तपासून झाली, ती जुळेनात. सहाही जण गुळवेल घेत होते. २०२१ साली हे निरीक्षण प्रसिद्ध झालं आणि वाद पेटला. त्या रुग्णांनी नेमकी कुठली वनस्पती घेतली याची खातरजमा झालेली नाही, दिसायला सारखी दुसरी वेलही असू शकते, असं उत्तर केंद्रीय आयुष मंत्रालयाने दिलं. पुढे २०२२मध्ये देशभरातल्या १३ केंद्रांमधून अशा ४३ रुग्णांची माहिती एकत्र आली. त्यांच्याकडून मिळालेल्या काही नमुन्यांचं रासायनिक विश्लेषणही झालं.

वर्तमानपत्रांतून आणि व्हॉट्सॲपवरून हा वाद ‘गुळवेल चांगली की वाईट’ एवढाच पोचला. या प्रश्नाला उत्तरच नाही. कुठलीही वनस्पती सरसकट चांगली किंवा वाईट नसते. कुठली वनस्पती, तिचा कुठला भाग, कसा तयार केलेला, किती, किती दिवस आणि कुणाला, एवढं विचारल्यावरच उत्तराला सुरुवात होते. तुमच्या घरात, गावात किंवा पाड्यावर एखादं झाडपाल्याचं औषध चालत आलेलं असेल आणि ते खरंच गुणाचं आहे का, निर्धोक आहे का, हे तपासून घ्यावं असं तुम्हाला वाटत असेल, तर काय करावं, कुठल्या क्रमाने करावं आणि काय अजिबात करू नये, हे सांगण्यासाठी हा लेख आहे. वनस्पतीशास्त्राचे विद्यार्थी, गावातले शिक्षक, तरुण वैद्य आणि घरात काढा उकळणारी माणसं, सगळेच माझ्या डोळ्यांसमोर आहेत.

पहिलं काम प्रयोगशाळेतलं नाही. वही घेऊन औषध देणाऱ्या माणसासमोर बसायचं. आजी असेल, वैदू असेल, भगत असेल, सुईण असेल. औषधाचं नाव आणि आजाराचं नाव लिहून घेतलं म्हणजे नोंद झाली असं बहुतेकांना वाटतं. ‘मुळी उगाळून देतात, कावीळ जाते’ अशा नोंदीवरून पुढे काहीच तपासता येत नाही. मुळी ओली की वाळलेली? कुठल्या महिन्यात काढलेली? दगडावर पाण्यात उगाळलेली, ताकात की तुपात? किती वळसे? उपाशीपोटी की जेवणानंतर? किती दिवस? पथ्य काय? कुणाला द्यायचं नाही? हा शेवटचा प्रश्न सर्वांत मोलाचा आहे आणि तोच विचारायचा राहून जातो. जाणता वैदू बहुतेक वेळा सांगतो की गरोदर बाईला हे देत नाही, लहान पोराला देत नाही, अंगात ताप असताना देत नाही. सुरक्षिततेची पहिली माहिती अशी तोंडून मिळते, फुकट मिळते, आणि ती उतरवून घेतली नाही तर त्या माणसाबरोबर जाते.

मात्र माहिती घेताना ती कशासाठी घेतोय हे स्पष्ट सांगा आणि संमती घ्या. केरळमधल्या अगस्त्य टेकड्यांवरच्या काणी आदिवासींचं उदाहरण माहीत असलेलं बरं. १९८७ साली वाटाडे म्हणून सोबत आलेल्या काणी तरुणांकडून वैज्ञानिकांना आरोग्यपच्चा या वनस्पतीची माहिती मिळाली. तिच्यापासून ‘जीवनी’ नावाचं औषध तयार झालं आणि त्याच्या परवाना-शुल्कातला आणि स्वामित्वधनातला निम्मा वाटा काणी समाजाच्या न्यासाला देण्याचं ठरलं. त्या व्यवस्थेत पुढे अडचणी आल्या, तरी ज्याचं ज्ञान त्याचा हिस्सा, हे तत्त्व तिथे प्रत्यक्षात उतरलं. २००२च्या जैवविविधता कायद्याने गावपातळीवर जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही यांची तरतूद केली आहे. गावातलं औषध बाहेरची कंपनी किंवा संस्था तपासायला नेत असेल तर या समितीला कळवा, गावाची नोंद करून ठेवा. हा कागद गरिबाच्या उपयोगाचा आहे.

यानंतरची पायरी वनस्पतीची ओळख पटवण्याची. इथे मी मुद्दाम रेंगाळणार आहे, कारण ही पायरी चुकली तर पुढचं सगळं काम वाया जातं, आणि क्वचित जीवावर बेततं.

१९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रुसेल्समधल्या एका वजन घटवण्याच्या केंद्रात स्त्रियांना चिनी वनस्पतींच्या गोळ्या दिल्या गेल्या. गोळीत एक वनस्पती असायला हवी होती, तिच्याऐवजी चिनी नाव बरंचसं सारखं असलेली दुसरीच आली. ती ॲरिस्टोलोकिया कुळातली होती. शंभराहून अधिक जणींची मूत्रपिंडं निकामी झाली आणि पुढे त्यांतल्या अनेकींच्या मूत्रमार्गात कर्करोग आढळला. हे उदाहरण आपल्यापासून लांबचं नाही. ॲरिस्टोलोकिया इंडिका म्हणजे आपली सापसन, जिला ईश्वरी असंही म्हणतात. सापाच्या विषावर म्हणून ती आपल्याकडे दिली जाते, आणि तिच्यातही तेच घातक ॲरिस्टोलोकिक आम्ल असतं.

गुळवेलीबाबत अडचण जवळच्या भाऊबंदांची आहे. औषधात सांगितलेली गुळवेल म्हणजे टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया. तिच्याच प्रजातीतली टिनोस्पोरा सायनेन्सिस ही वेल महाराष्ट्रातही आढळते, तिला पद्मगुडूची म्हणतात. टिनोस्पोरा क्रिस्पा ही तिसरी वेल ईशान्य भारतात आणि आग्नेय आशियात वाढते, पण बाजारात काय कुठून येईल याचा नेम नसतो. फेब्रुवारी २०२२मध्ये आयुष मंत्रालयाने काढलेल्या पत्रकात क्रिस्पापासून सावध राहायला सांगितलं होतं. ओळखण्याच्या खुणा अशा. खऱ्या गुळवेलीचं खोड हिरवं असतं, वरची साल कागदासारखी पातळ सुटते, आडवा काप घेतला तर चाकाच्या आऱ्यांसारखी रचना दिसते, आणि कापल्यावर दुधाळ चीक येत नाही. क्रिस्पाचं खोड करडं, उठून दिसणाऱ्या गाठीगाठींचं आणि चीक दुधाळ. गुळवेलीची पिकलेली फळं गोल आणि लाल, क्रिस्पाची लांबट आणि नारिंगी. सायनेन्सिसच्या पानाची खालची बाजू लवदार असते, गुळवेलीचं पान दोन्ही बाजूंनी गुळगुळीत. एक सावधगिरी इथे सांगायलाच हवी. गुळवेलीच्या जून खोडावरही बारीक उंचवटे असतात, तेव्हा नुसत्या ‘गाठी आहेत की नाहीत’ यावरून निर्णय करू नका. वाळलेल्या कांड्या किंवा चूर्ण पाहून तर मुळीच करू नका. चूर्णातून वनस्पती ओळखायला सूक्ष्मदर्शक, रसायनाची पट्टी किंवा डीएनए चाचणी लागते.

म्हणून नमुना असा घ्या. वेलीचा तुकडा पानांसकट, आणि जमेल तेव्हा फुलाफळांसकट. गुळवेलीला फुलं बहुधा पानं गळलेली असताना येतात, शिवाय नर आणि मादी फुलं वेगवेगळ्या वेलींवर असतात, तेव्हा एकाच फेरीत सगळं मिळणार नाही हे धरून चला. जिवंत वेलीचे फोटो काढा: खोड, पानाच्या दोन्ही बाजू, कुठल्या झाडावर चढली आहे ते. वहीत ठिकाण, तारीख, स्थानिक नाव आणि गोळा करणाऱ्याचं नाव लिहा. तुकडा वर्तमानपत्राच्या कागदात दाबून वाळवा, कागद रोज बदला, पावसाळ्यात तर दिवसातून दोनदा. वाळलेला नमुना जाड कागदावर चिकटवून वनस्पतीसंग्रहालयात द्या. मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयाचं ब्लॅटर हर्बेरियम आहे, पुण्यात आघारकर संशोधन संस्था आणि भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे. तिथले तज्ज्ञ ओळख पटवून क्रमांक देतात. तो क्रमांक म्हणजे तुमच्या औषधाचं जन्मप्रमाणपत्र. ज्या वेलीचा नमुना दिला त्याच वेलीचं खोड चाचण्यांसाठी वापरा आणि पिशवीवर तोच क्रमांक घाला. नमुना एका वेलीचा आणि चाचणी बाजारातून आणलेल्या कांडीची, असा प्रकार मी महाविद्यालयीन प्रकल्पांत इतका पाहिला आहे की हे वाक्य लिहिताना हात जड होतो.

ओळख पटली की आधी काय माहीत आहे ते वाचा. भारतीय आयुर्वेदिक औषधिकोशात गुळवेलीच्या खोडाचं वर्णन, प्रमाण आणि शुद्धतेचे निकष दिलेले आहेत. चूर्ण ३ ते ६ ग्रॅम, काढ्यासाठी २० ते ३० ग्रॅम वाळलेलं खोड. परकीय पदार्थ २ टक्क्यांहून अधिक नकोत, एकूण राख १६ टक्क्यांहून अधिक नको. आणखी एक यादी प्रत्येकाने पाहून ठेवावी, ती औषध व सौंदर्यप्रसाधन नियमांतल्या अनुसूची ई-१ची. बचनाग, धोत्रा, गुंज, बिब्बा, जमालगोटा, कण्हेर, कळलावी, कुचला ही नावं त्या यादीत आहेत. तुमच्या गावच्या औषधात यांतलं काही असेल तर ते औषध घरगुती पातळीवर हाताळायचंच नाही. बचनाग शुद्ध करण्याचे विधी आयुर्वेदात आहेत, ते जाणणाऱ्याच्या हातात आहेत, यूट्यूबवर पाहून करण्याचे नाहीत.

शुद्धतेच्या तपासणीबद्दल थोडक्यात. वनस्पती बरोबर असूनही माल घाण असू शकतो. रस्त्याकडेची, कारखान्याच्या सांडपाण्याजवळची, फवारणी केलेल्या बांधावरची वेल जड धातू आणि कीटकनाशकं शोषून घेते. ओल्या गोदामात बुरशी धरते. वनौषधींसाठी शिसं दहा लाख भागांत १० भाग, अर्सेनिक ३, पारा १ आणि कॅडमियम ०.३ भाग इतकीच कमाल मर्यादा आहे. मान्यताप्राप्त प्रयोगशाळा ही चाचणी पैसे घेऊन करून देते. महिला बचत गट गुळवेलीचं चूर्ण विकायला काढणार असेल तर परवान्याच्या आधीच ही चाचणी करून घ्यावी, कारण माल परत आला तर नुकसान सोसण्याची ताकद त्यांच्याकडे नसते.

आता गुणांच्या चाचण्या. इथे फार मोठा गोंधळ आहे. महाविद्यालयात सर्वांत लोकप्रिय प्रयोग म्हणजे काचेच्या बशीत जंतू वाढवायचे, त्यावर वनस्पतीच्या अर्कात भिजवलेली टिकली ठेवायची आणि भोवती जंतू मेलेलं वर्तुळ मोजायचं. वर्तुळ दिसलं की ‘अमुक वनस्पतीत प्रतिजैविक गुण सिद्ध’ असा मथळा येतो. बशीतले जंतू फिनेलनेही मरतात. अर्क पोटात गेल्यावर पचतो का, रक्तात किती पोचतो, जिथे जंतू आहेत तिथे जातो का, आणि तेवढ्या मात्रेत शरीराच्या पेशी जगतात का, यातलं काहीही त्या वर्तुळातून कळत नाही. बशीतला प्रयोग पुढे काय तपासावं याची दिशा देतो, एवढीच त्याची किंमत. कर्करोगाच्या पेशी बशीत मेल्या म्हणून ‘कर्करोगावर औषध’ असं छापणं तर क्रूरपणा आहे, कारण ते वाचून कुणीतरी उपचार सोडतो.

दुसरी चूक अर्काची. लोक काढा पितात आणि प्रयोगशाळेत मिथेनॉलचा अर्क तपासला जातो. पाण्यात उतरणारी रसायनं वेगळी, अल्कोहोलमध्ये उतरणारी वेगळी. लोक जे घेतात तेच तपासा: तेवढंच खोड, तेवढंच पाणी, तेवढाच वेळ उकळलेलं. मग दरवेळी तयार केलेला काढा सारखाच आहे हे पाहण्यासाठी एखादं ओळखीचं रसायन मोजा. गुळवेलीसाठी कॉर्डिफोलिओसाइड किंवा टिनोस्पोरासाइड मोजतात. हा खटाटोप नसेल तर आज गुण दाखवणारा काढा उद्या का दाखवत नाही, हे कुणालाच सांगता येणार नाही.

प्राण्यांवरच्या चाचण्या नोंदणीकृत संस्थेत आणि तिथल्या प्राणी-नीतिसमितीच्या परवानगीनेच होतात. घरात, शाळेत, गोठ्यात त्या करायच्या नाहीत. तो गुन्हा आहे आणि त्यातून काही सिद्धही होत नाही. नेहमीची तीव्र विषारिता चाचणी अशी असते: उंदरांना वजनाच्या दर किलोमागे २,००० मिलिग्रॅमपर्यंत एकच मात्रा देतात आणि १४ दिवस लक्ष ठेवतात. यात कुणी दगावलं नाही की वेष्टनावर ‘पूर्णतः सुरक्षित’ असं छापून येतं. वास्तविक यातून एकदा घेतल्याने लगेच मरण येत नाही एवढंच कळतं. जे औषध माणसं महिनोनमहिने घेणार, त्यासाठी २८ दिवसांची आणि ९० दिवसांची चाचणी लागते, आणि यकृत, मूत्रपिंड, रक्त तपासावं लागतं. वर ज्या ४३ रुग्णांचा उल्लेख केला, त्यांच्यात गुळवेल सुरू केल्यापासून लक्षणं दिसेपर्यंतचा मध्यक काळ ४६ दिवसांचा होता. पंधरा दिवस पाहून समाधान मानणाऱ्या तपासणीला हे दिसलंच नसतं.

‘आमच्या आजोबांनी शेकडो लोकांना दिलं, कुणाला काही झालं नाही.’ हे वाक्य मी आदराने ऐकतो, कारण त्यात खरी माहिती आहे. पण तिची मर्यादा मोजता येते. ३०० जणांना औषध दिलं आणि एकालाही अपाय दिसला नाही, तरी अपायाचं खरं प्रमाण शंभरात एकापर्यंत असू शकतं, असं संख्याशास्त्र सांगतं. तीन भागिले माणसांची संख्या, असा सोपा हिशेब आहे. शंभरात एकाचं यकृत बिघडणार असेल आणि औषध लाखो लोक घेणार असतील, तर किती माणसं होतात ते पाहा. शिवाय हा हिशेब अपाय दिसला असता तर कळला असता असं धरून आहे. सापसन घेतलेल्याला दहा-पंधरा वर्षांनी कर्करोग झाला तर त्याची सांगड कुठला वैदू कशी घालणार? परंपरा लगेच दिसणारं विष नेमकं हेरते. सावकाश चढणारं विष तिच्या नजरेतून सुटतं.

गुणाचंही असंच आहे. आपल्याकडे काविळीवर गावोगाव औषधं आहेत आणि बहुतेक सगळी ‘लागू पडतात’. दूषित पाण्यातून होणारी विषाणूजन्य कावीळ बहुतेक माणसांत काही आठवड्यांत आपोआप बरी होते, हे त्यामागचं कारण. सापाचंही तसंच. आपल्या शिवारात नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं यांच्यापासून मुख्य धोका, बाकीचे बहुसंख्य साप बिनविषारी. आणि विषारी सापही दरवेळी विष सोडतोच असं नाही. बिनविषारी साप चावलेल्या माणसाला कुठलीही मुळी दिली तरी तो वाचतो आणि कीर्ती मुळीची होते. सर्पदंशावरची झाडपाल्याची औषधं माणसांवर तपासण्याच्या भानगडीत कुणीही पडू नये. तिथे रुग्णालय आणि प्रतिविष लस, दुसरी वाट नाही.

मग आपोआप बरं होणं आणि औषधाने बरं होणं वेगळं कसं काढायचं? तुलना करून. सारखेच रुग्ण, चिठ्ठी टाकून दोन गट, एकाला नेहमीचे उपचार आणि दुसऱ्याला नेहमीच्या उपचारांबरोबर औषध. हे फक्त परदेशातल्या संस्थांना जमतं असं नाही. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिनचा वापर रूढ केला आणि पुढे विंचवाच्या प्रतिविषाची जोड द्यावी का, हे ७० रुग्णांवर चिठ्ठ्या टाकून तपासलं. ते काम २०११ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आलं. कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी हे झालं. मुंबईत रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधा ५० रक्तदाबाच्या रुग्णांना देऊन काटेकोर नोंदी ठेवल्या आणि १९४९मध्ये त्या प्रसिद्ध केल्या. जगाला रक्तदाबावरचं एक औषध मिळालं. त्याच औषधाने काही रुग्णांना खोल नैराश्य येतं, हे नंतरच्या वापरात उघड झालं. गुण सिद्ध झाला म्हणून तपासणी संपत नाही, हे सर्पगंधेने शिकवलं.

गुळवेलीचीही अशी तपासणी मुंबईतच झालेली आहे आणि ती मराठी वाचकांना माहीत असायला हवी. केईएम रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कर्करोगामुळे पित्तमार्ग अडून कावीळ झालेल्या ३० रुग्णांवर हा अभ्यास केला आणि तो १९९३ साली प्रसिद्ध झाला. अशा रुग्णांना शस्त्रक्रियेच्या आगेमागे रक्तात जंतुसंसर्ग होऊन मृत्यू येण्याचा धोका मोठा असतो. नेहमीच्या उपचारांवर असलेल्या गटात निम्म्या रुग्णांत असा संसर्ग दिसला, गुळवेल मिळालेल्या गटात एकातही नाही. शस्त्रक्रियेनंतर जगण्याचं प्रमाणही गुळवेलीच्या गटात खूप चांगलं होतं. ३० ही संख्या लहान आहे आणि असा अभ्यास मोठ्या प्रमाणावर पुन्हा व्हायला हवा. पण या अभ्यासाची रचना पाहा: ठरावीक आजार, ठरावीक मात्रा, मर्यादित काळ, डॉक्टरांची नजर. त्यावरून धडधाकट माणसाने वर्षभर रोज काढा प्यावा, असा निष्कर्ष निघत नाही. जी वेल प्रतिकारशक्ती चेतवते, ती ज्याची प्रतिकारशक्ती आधीच स्वतःच्या शरीरावर उलटलेली आहे, त्याला नडू शकते. यकृताला इजा झालेल्या अनेक रुग्णांत नेमक्या अशाच खुणा आढळल्या. मुंबईतच गुण दिसला आणि मुंबईतच अपाय दिसला. माझ्या मते दोन्ही निरीक्षणं खरी आहेत आणि एकमेकांना छेदत नाहीत.

माणसांवरची कुठलीही चाचणी नीतिसमितीची मंजुरी, रुग्णाची लेखी संमती आणि भारतीय क्लिनिकल ट्रायल नोंदवहीतली आगाऊ नोंदणी यांशिवाय करता येत नाही. स्वतःवर, बायकोवर, मुलांवर करून पाहणं ही चाचणी नव्हे. एकट्या माणसाच्या अनुभवातून गुण सिद्ध होत नाही, अपाय मात्र कायमचा होऊ शकतो. तुमच्याकडचं औषध खरंच तपासण्याजोगं वाटत असेल तर ओळखीचं प्रमाणपत्र आणि सविस्तर नोंदवही घेऊन जवळच्या आयुर्वेद महाविद्यालयाच्या द्रव्यगुण विभागाकडे किंवा औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयाकडे जा. रिकाम्या हाताने गेलात तर कुणी दखल घेणार नाही. वही पाहिली की घेतात.

जे गुळवेल घेतच आहेत किंवा घेणार आहेत त्यांच्यासाठी आता सरळ सांगतो. वैद्याने नाडी, प्रकृती, आजार पाहून दिली असेल तर सांगितलेल्या मात्रेत, सांगितलेले दिवस घ्या, आणि दिवस संपले की थांबा. स्वतःच्या मनाने रोजची सवय लावू नका. संधिवात, सोरायसिस, ल्युपस, थायरॉइडचा स्वप्रतिकार विकार किंवा यकृताचा कुठलाही जुना आजार असेल तर विचारल्याशिवाय घेऊ नका. यकृत किंवा मूत्रपिंडाचं प्रत्यारोपण झालेल्यांनी तर अजिबात घेऊ नये. त्यांची प्रतिकारशक्ती औषधांनी मुद्दाम दाबलेली असते आणि ती चेतवणं म्हणजे मिळालेला अवयव गमावण्याचा धोका. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर गुळवेलीने साखर आणखी उतरू शकते, म्हणून मोजत राहा आणि डॉक्टरांना सांगा. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी टाळावी. शस्त्रक्रिया ठरली असेल तर भूलतज्ज्ञाला काढ्याबद्दलही सांगा. ‘औषध काही घेता का’ या प्रश्नाला ‘नाही’ म्हणताना लोक काढा मोजत नाहीत.

भूक मेली, मळमळ सुरू झाली, लघवी गडद झाली, अंगाला खाज सुटली किंवा डोळे पिवळे दिसले, तर काढा त्याच दिवशी बंद करा आणि बिलिरुबिन व एसजीपीटी तपासून घ्या. ‘औषध अंगातलं विष बाहेर काढतंय’ असं कुणी समजावलं तर ऐकू नका. डॉक्टरांपासून काढा लपवू नका, आणि डॉक्टरांनीही चिडून न बोलता विचारायला हवं, कारण झिडकारलं की रुग्ण पुढच्या वेळी सांगत नाही.

अपाय झाला असं वाटलं तर उरलेली कांडी, चूर्ण किंवा गोळ्यांची बाटली वेष्टनासकट जपून ठेवा. तिच्याशिवाय कुठली वनस्पती होती हे शोधता येत नाही, आणि २०२१च्या वादात नेमका हाच दुवा कमी पडला. नोंद करण्यासाठी औषधांच्या दुष्परिणामांची राष्ट्रीय निःशुल्क दूरध्वनी सेवा १८००-१८०-३०२४ आहे. कोणताही रुग्ण किंवा नातेवाईक तिथे कळवू शकतो. आयुर्वेदिक औषधांच्या दुष्परिणामांचं राष्ट्रीय केंद्र दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेत आहे. गुण आला तर वैद्याला सांगायला आपण आवर्जून जातो. अपाय झाला तरी तितक्याच तत्परतेने कळवा, औषध देणाऱ्या वैद्यालाही आणि या केंद्रालाही.